कंसातला संवाद

१

मराठी नाटकातील संवादाची स्तुती करताना आपले समीक्षक जी विशेषणे वापरतात ती बहुधा जिभेची असतात. संवाद चुरचुरीत असतात, खमंग असतात, कधी तिखट तर कधी बोचरे असतात. त्या विशेषणांवरून एखाद्याला वाटावे की नाटकातील माणूस गळ्यापाशी सुरू होतो आणि ओठांपाशी संपतो. त्याला हात असतात, पाठ असते, बोलता बोलता तो खुर्चीवरून उठतो किंवा उठत नाही, उंबरठा ओलांडतो किंवा तेथेच घुटमळतो, याची दखल घेण्याचे काम आपण दिग्दर्शकावर सोपवून मोकळे होतो. ही उणीव केवढी मोठी आहे हे मला कोणत्याही ग्रंथाने शिकविले नाही. गुढियारीतील एका घरगुती नाट्यवाचनाने शिकविले, आणि त्या वाचनात झालेली चूक माझीच होती.

रायपूर स्थानकाच्या पाठीमागे, रुळांपलीकडे गुढियारी आहे. व्यापाऱ्यांच्या पेढ्या, मालमोटारींची ये-जा आणि गाड्यांच्या शिट्या यांच्या गजबजाटात, नोकरीच्या निमित्ताने येऊन राहिलेली आमच्यासारखी काही मराठी बिऱ्हाडे तेथे आहेत. दोन-तीन महिन्यांतून एकदा कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरायची, एखादे नाटक भूमिका वाटून घेऊन वाचायचे आणि पोह्यांबरोबर त्यावर बोलायचे, असा आमचा साधा परिपाठ आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ घेतले. निवड सहज सुचली. १९५६ पर्यंत रायपूर आणि विदर्भ हे मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या एकाच राज्यात होते, दोहोंची राजधानी नागपूर होती. आमच्यातील निम्म्या घरांची मुळे वर्धा, यवतमाळ, अमरावती या बाजूची. त्या प्रदेशातील पडत्या वाड्याचे नाटक आपल्याला परके वाटणार नाही, अशी माझी खात्री होती.

वाचनाचे संयोजन माझ्याकडे होते. वेळ थोडा, नाटक मोठे; म्हणून मी एक सूचना केली : कंसातील मजकूर कोणी वाचू नये, बोलणे तेवढे वाचावे. रंगसूचना मध्ये आल्या की ओघ तुटतो, असे माझे मत होते. सर्वांनी ते मानले. वाचन ठरल्या वेळेत पुरे झाले, उच्चारही स्वच्छ होते, आणि तरीही खोलीत काहीतरी थंड राहिले. वयाने आमच्यात सर्वांत वडील असलेले एक गृहस्थ संकोचाने म्हणाले, “नाटकाची कीर्ती फार ऐकली होती. पण या घरात कोणी कोणाशी धड बोलतच नाही हो!” त्यांच्या मागे बसलेली सतरा वर्षांची एक मुलगी, जिचे सारे शिक्षण रायपुरात हिंदीतून झालेले, मला म्हणाली, “काका, आजोबा गेलेत ना? मग सगळे खर्चाविषयीच का बोलतात? कुणाला वाईट नाही का वाटत?”

त्या रात्री घरी येऊन मी पुस्तक पुन्हा उघडले आणि केवळ कंस वाचत गेलो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तेथे होते, आणि ते मीच खोलीबाहेर ठेवले होते.

२

कुटुंबातील नित्याच्या बोलण्यात शब्दांवर फार थोडा भार असतो. परक्यांशी बोलताना आपल्याला वाक्ये पूर्ण करावी लागतात, कारण त्यांना आपला पूर्वेतिहास ठाऊक नसतो. घरात तो सर्वांना पाठ असतो. म्हणून घरातील वाक्ये तुटक असतात, सामान्य असतात, बहुतेक भाजी, गाडी, वीजबिल आणि औषध यांविषयी असतात. भावना त्या वाक्यांच्या कडेने चालते. मी पहिल्या नेमणुकीच्या गावी निघालो तेव्हा वळकटी मी बांधून ठेवली होती. वडिलांनी ती सोडली आणि पुन्हा आपल्या हातांनी आवळून बांधली. बांधताना खाली मान घालूनच त्यांनी विचारले, “गाडी किती वाजताची म्हणालास?” हे ते तिसऱ्यांदा विचारीत होते. आई आतून वाटी घेऊन आली, माझ्या तळहातावर दही घातले आणि काही न बोलता आत गेली. मी “येतो” म्हणालो. त्या सकाळच्या बोलण्याचे कोणी लघुलेखन केले असते, तर त्यात गाडीची वेळ सोडून काहीही सापडले नसते.

आपल्या परंपरेला ही गोष्ट अपरिचित नव्हती. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वाणी ही त्यांपैकी केवळ एक. मस्तकाच्या १३ आणि दृष्टीच्या ३६ प्रकारांची तेथे गणना आहे. त्याहून मार्मिक अशी आठ सात्त्विक भावांची यादी आहे : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. या यादीतील प्रत्येक गोष्ट शरीराची आहे आणि तरीही भरताने ती आंगिकापासून निराळी काढली, कारण ती मनाच्या एकाग्रतेवाचून उमटत नाही. हात उगारता येतो, पण स्वर आपोआप भंगतो. शरीर जे करते आणि शरीराला जे होते, यांतील हा भेद ज्या समीक्षेला सापडला, तिच्या वारसांनी केवळ चुरचुरीत वाक्ये मोजीत बसावे ही दुर्दैवाची गोष्ट आहे.

पश्चिमेकडे चार्ल्स डार्विनने १८७२ मध्ये मनुष्य व प्राणी यांच्या भावाविष्कारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्याने जगाच्या निरनिराळ्या भागांत राहणाऱ्या लोकांना प्रश्नावली पाठविली होती, आणि मुख्य भावनांची मुखावरील चिन्हे सर्व मानववंशांत बहुतांशी सारखी आहेत असा निष्कर्ष काढला होता. पुढे हा विषय शास्त्रज्ञांकडून व्याख्यात्यांकडे गेला आणि त्याचे एक विचित्र सूत्र बनले. संवादातील केवळ ७ टक्के अर्थ शब्दांचा, ३८ टक्के आवाजाचा आणि ५५ टक्के मुद्रेचा, हे वाक्य आपल्यातील अनेकांनी एखाद्या प्रशिक्षणवर्गात ऐकले असेल. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील ज्या प्रयोगांवरून ते आले, त्यांत सुटे शब्द, निरनिराळे स्वर आणि मुखांची छायाचित्रे होती. प्रश्न केवळ आवड-नावड ओळखण्याचा होता. हे प्रमाण सर्व संभाषणाला लागू नाही असे त्यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केले. आपल्या विषयाच्या दृष्टीने या सूत्राचा दोष निराळाच आहे. ते शब्द आणि देह यांचे वाटे पाडते. वडिलांचे “किती वाजताची?” आणि दोरीची गाठ यांचे वाटे पाडता येत नाहीत. गाठीवाचून तो प्रश्न विसराळूपणाचा ठरतो, आणि प्रश्नावाचून ती गाठ नुसती हमालाची होते. दोन्ही मिळून एकच वाक्य होते.

३

हे एकच वाक्य कागदावर कसे उतरवावे, हा मराठी लेखकापुढचा जुना प्रश्न आहे, आणि त्याला मिळालेली उत्तरे एकसारखी नाहीत.

हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीचे प्रकाशन ‘करमणूक’मधून १८९० पासून होऊ लागले. तिच्यातील एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांदेखत नवरा-बायकोने बोलणे हा उद्धटपणा होता आणि सुनेने सासऱ्यापुढे उभे राहणे हा प्रमाद. जेथे शब्दांना बंदी होती तेथे पावलांची चाहूल, वळून पाहणे, न पाहणे, स्वयंपाकघरातील एखाद्या भांड्याचा मुद्दाम झालेला आवाज, यांनाच बोलावे लागे. हरिभाऊंचे मोठेपण असे की त्यांनी ही कथा यमूच्याच तोंडून सांगविली. अशा घरातील देहभाषा पुरुष सहसा वाचीत नाहीत, कारण त्यांना ती वाचण्याची गरज पडत नाही. ज्याच्या हाती सत्ता नसते त्याला दुसऱ्याची भुवई वाचता यावीच लागते. यमूचे निवेदन हे त्या वाचनाचे दीर्घ टाचण आहे. हरिभाऊंची मर्यादाही येथेच दिसते : प्रत्येक खुणेचा अर्थ निवेदिका आपल्याला लगेच सांगते, वाचकाला तो शोधू देत नाही.

दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे यांनी, १९११ पासून लिहिलेल्या नाट्यछटांत याच्या अगदी उलट मार्ग सापडतो. नाट्यछटेत बोलणारा एकच असतो. निवेदक नाही आणि दुसऱ्या पात्राला वाक्य नाही. मग दुसऱ्याचे शरीर दिसावे कसे? ते बोलणाऱ्याच्या वाक्यातून दिसते. समजा, एखादी बाई म्हणते, “अशी दाराशीच का गं उभी? आणि डोळे कशाला पुसतेस?” एवढ्यावरून आपल्याला दार दिसते, पदर दिसतो, आणि विचारणारीला रडण्याचे कारण ठाऊक असूनही ती ते विचारीत आहे हेही दिसते. हे उदाहरण माझे आहे, पण युक्ती दिवाकरांची आहे. ‘पंत मेले – राव चढले’ या नाट्यछटेत एका घरचा मृत्यू आणि दुसऱ्या घरची बढती त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. नोकरीपेशातील वाचकाला ती आजही अस्वस्थ करते, कारण दोन्ही घरांतले बोलणे अगदी घरगुती आहे. शब्द साधे असल्यामुळेच त्यांच्या मागची शरीरे आपल्याला पुरी दिसतात.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’मधील एक प्रसंग महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. न्हाऊन धोंडीवर उभा असलेला श्याम ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून हटून बसतो, आणि आई त्याच्या पायांखाली आपल्या लुगड्याचे ओचे पसरते. त्यापुढे ती पायांच्या आणि मनाच्या स्वच्छतेविषयी जे सांगते त्याने अनेक पिढ्यांवर संस्कार केले, याबद्दल आदरच आहे. परंतु समीक्षकाने एक प्रश्न स्वतःला विचारून पाहावा : तो उपदेश नसता तर प्रसंग राहिला असता का? माझ्या मते राहिला असता. आणि केवळ उपदेश असता, ओचे नसते, तर मात्र तो सुभाषितांच्या वहीत जाऊन पडला असता. १९५३ मधील आचार्य अत्रे यांच्या चित्रपटानंतरही लोकांच्या स्मरणात राहिले ते पसरलेले वस्त्र. गुरुजींच्या ठायी कृती आधी येते आणि तिचा अर्थ लगेच तिच्यामागून येतो. ती आईची रीत आहे आणि शिक्षकाचीही.

या तिन्ही वाटांवरून आलेल्या आपल्या कौटुंबिक रंगभूमीला मधल्या काळात एक वाईट सवय जडली. संवादापूर्वी कंसात ‘रागाने’, ‘हसून’, ‘गहिवरून’ असे एकेक क्रियाविशेषण टाकून लेखक मोकळे होऊ लागले. वरवर पाहता ही देहाची दखल वाटते. वस्तुतः ती देहाला दिलेली सुट्टी आहे. ‘रागाने’ हे शरीर नव्हे, शरीराला चिकटविलेली चिठ्ठी आहे. घरातील राग ‘रागाने’ कधीच दिसत नाही. ताट न बोलता पुढे सरकविले जाते, उत्तर देण्यापूर्वी पाण्याचा पेला रिकामा होतो, वाळत घातलेले धोतर झटकताना दोन झटके अधिक बसतात. माझ्या मते कौटुंबिक नाटकाची परीक्षा करण्याची एक सोपी कसोटी येथे मिळते : कंसात भावनेचे नाव आहे की हातातील काम आहे, एवढे पाहावे. नाव असेल तर लेखकाने पात्राला दुरून पाहिले आहे. काम असेल तर तो त्या घरात राहिलेला आहे.

४

‘वाडा चिरेबंदी’ या कसोटीला उतरते. विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाने ते १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ यांसह त्याची नाट्यत्रयी झाली आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ती सलग सादर केली. विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांचा हा वाडा. कर्ते तात्याजी नुकतेच वारले आहेत, आणि मुंबईचा मुलगा सुधीर पत्नी अंजलीसह दिवसांसाठी आला आहे. तेराव्याचा खर्च कोणी करायचा, किती करायचा, घराण्याची अब्रू आणि हातातील पैसा यांचा मेळ कसा घालायचा, यांवर बोलणी चालतात. आमच्या त्या मुलीचे निरीक्षण शब्दशः खरे होते : सगळे खर्चाविषयीच बोलतात.

परंतु खर्चाचे हे बोलणे कोण कोणत्या जागेवरून बोलतो ते पाहावे. थोरला भास्कर कर्तेपणाच्या जागी बसला आहे, पण ती जागा त्याला अजून मोठी होते. सुधीर आपल्याच घरात पाहुण्यासारखा वागतो. मुंबईच्या सुनेशी त्याची भाषा एक आणि घरच्यांशी दुसरी, आणि या दोन भाषांच्या सांध्यात त्याचे अंग अवघडते. प्रभाचे शिक्षण अडविले गेले, तिचा कडवटपणा उत्तरांपेक्षा तिच्या तुटकपणात आहे. या सर्वांत कमी बोलणारा चंदू. तो पाणी आणतो, उचलतो, ठेवतो, सर्वांच्या पुढ्यात राबतो. दारापुढे पडून असलेल्या निकामी ट्रॅक्टरने त्याचा पाय दुखावतो, जखम चिघळते, आणि घर तिच्याकडे लक्ष द्यायला सवड काढीत नाही. कुटुंबाच्या हिशेबात ज्याचे नाव कोठेच नाही, त्याच्या पायावर सारा हिशेब लिहिलेला आहे. वाचताना आम्ही चंदूची वाक्ये वाचली. ती इतकी थोडी होती की चंदूची भूमिका करणाऱ्या गृहस्थांनी अधूनमधून चहाची व्यवस्थाही पाहिली, आणि आमच्यापैकी कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. नाटक आमच्या खोलीत खरे तर त्या क्षणी घडत होते, पण ते आमच्या ध्यानात आले नाही.

वृद्ध दादी पुन्हा पुन्हा किती वाजले ते विचारते. कागदावर हा म्हातारपणाचा भ्रम आहे. केवळ ऐकणाऱ्याला ती पुनरुक्ती कंटाळवाणी होते, आणि आमच्या वाचनात झालीही. परंतु घरातील प्रश्न उत्तरासाठी विचारलेले नसतात. प्रत्येक वेळी कोण मान वळवितो, कोण वळवीत नाही, कोणाचा हात कामात थांबतो, कोण उत्तर देण्यासाठी उठतो, यांत त्या घराची माया आणि थकवा दोन्ही मोजले जातात. वाक्य तेच राहते, भोवतालची शरीरे बदलत जातात.

आणि वहिनी. रात्रीच्या वेळी ती घराण्याचे जुने दागिने एकेक करून अंगावर चढविते, हा प्रसंग या नाटकाचा मध्य आहे. एरवी चुलीपाशी वावरणाऱ्या बाईच्या देहावर सोन्याचा भार येतो तसतशी तिची चाल आणि मान बदलते, आणि या वाड्यातून पूर्वी वावरून गेलेल्या स्त्रिया तिच्यात उभ्या राहतात. लोभ, अभिमान, शोक, अधिकार यांतील नेमकी कोणती भावना तेथे आहे? लेखकाने तिला नाव दिले असते तर ती लहान झाली असती. आमच्या वाचनात हा प्रसंग अर्ध्या-पाऊण मिनिटात आटोपला, कारण त्यात वाचायला फारसे काही नव्हते.

एलकुंचवारांवर असा आक्षेप घेता येईल, आणि घेतला पाहिजे, की त्यांची मौने कित्येकदा दिग्दर्शकाच्या आणि नटाच्या कुवतीवर फार विसंबतात. सामान्य मंडळींच्या हाती त्यांचे नाटक निर्जीव होते. हरिभाऊ किंवा साने गुरुजी कोणाच्याही हाती निर्जीव होत नाहीत. हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. जे साहित्य घराघरांत वाचले जावे असे आपल्याला वाटते, त्याने काही अर्थ शब्दांत ठेवावाच लागतो. पण याला दुसरीही बाजू आहे. वाचकाला आपल्या घराच्या आठवणी कामाला लावाव्या लागतात, हा या नाटकाचा दोष मानण्यापूर्वी त्या आठवणी आपल्यापाशी किती शिल्लक आहेत, हे आपण तपासायला हवे.

५

येथे परगावी राहणाऱ्या मराठी माणसाचा खरा प्रश्न सुरू होतो. शोकाची मुद्रा सर्व जगात एक असेल. डार्विनचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. परंतु घरातील देहभाषा मुद्रांची नसते, रीतींची असते, आणि रीत प्रत्येक प्रदेशाची निराळी. मराठीत ‘बोटे मोडणे’ या एकाच कृतीचे दोन परस्परविरुद्ध अर्थ आहेत. कोणाच्या नावाने बोटे मोडली तर तो शाप. लेकराच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटे मोडली तर ती आलाबला, म्हणजे मायेची परिसीमा. पदर खोचला तर काम किंवा भांडण, पदर पसरला तर याचना. या खुणांना कोश नाही. त्या त्या घरात वाढणे हाच त्यांचा कोश.

छत्तीसगडात याचा उलट अनुभव येतो. येथे मामा भाच्याच्या पाया पडतो. हा प्रदेश कौसल्येचे माहेर, म्हणून राम हा साऱ्या छत्तीसगडाचा भाचा, आणि प्रत्येक भाच्याच्या ठायी ते नाते पाहायचे, अशी यामागील श्रद्धा आहे. पिकल्या केसांचा मामा दहा वर्षांच्या मुलापुढे वाकतो हे प्रथम पाहिल्यावर आपल्याकडील माणूस दचकतो, कारण त्याच्या व्याकरणात वाकण्याची दिशा वयाने ठरलेली असते. शेजारच्या घरातील तो नमस्कार मला समजला, पण माझ्या अंगात उतरला नाही. भाषा शिकता येते. देहाचा लहेजा मात्र पिढीने बदलतो.

या गोष्टीचा सर्वांत मोठा पुरावा रायपूरच्याच एका सुपुत्राने दिला आहे. हबीब तनवीर यांचा जन्म १९२३ मध्ये येथे झाला. १९५८ मध्ये त्यांनी छत्तीसगडातील नाचाच्या कलावंतांना दिल्लीस नेऊन ‘मिट्टी की गाड़ी’ हे मृच्छकटिकाचे रूपांतर बसविले, आणि १९५९ मध्ये ‘नया थिएटर’ उभे केले. आपल्या गावी रात्रभर प्रेक्षकांना खिळवून ठेवणारे हे नट शहरी रंगमंचावर मात्र अवघडून जात. कारण तनवीरांना पुढे उमगले : त्यांच्या तोंडी हिंदी घातली होती आणि त्यांच्या हालचाली आखून दिल्या होत्या. १९७३ मध्ये रायपुरात नाचाची कार्यशाळा झाली आणि तीतून ‘गांव के नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक उभे राहिले. त्यात कलावंत आपल्या छत्तीसगडीत बोलले, आणि त्यांचे हात-पाय मोकळे झाले. १९७५ चे ‘चरणदास चोर’ हे त्याच मुक्ततेचे फळ आहे. जीभ बदलली की अंग आखडते, आणि जीभ घरी परतली की अंगही परतते, हा सिद्धांत तनवीरांनी पुस्तकात मांडण्याऐवजी माणसे उभी करून दाखविला.

आमच्या घरांतील मुलांचे काय होते ते यावरून पाहावे. त्यांची जीभ हिंदीत सुखावली आहे, आणि त्याबद्दल त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. राजनांदगावात १९५८ पासून राहिलेल्या गजानन माधव मुक्तिबोधांनी मराठी घरात राहून हिंदी काव्य समृद्ध केले, आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी झाले. एका घरात दोन भाषा सुखाने नांदू शकतात. चिंता निराळी आहे. मुलांना मराठी पुस्तक द्यावे, शुद्धलेखन शिकवावे, वर्षाकाठी स्पर्धा घ्यावी, एवढ्याने भाषा टिकली असे आपण मानतो. आजोळची माणसे त्यांना व्हिडिओ कॉलवर भेटतात. तेथे आजीचा चेहरा दिसतो आणि शब्द ऐकू येतात. तिचे हात चौकटीबाहेर राहतात. ती बोलता बोलता काय निवडते आहे, कोणत्या प्रश्नावर तिचे निवडणे थांबले, हे नातवाला दिसत नाही. मी कंस गाळून नाटक वाचविले, तसेच आपण कंस गाळून घर चालवितो आहोत.

६

दोन महिन्यांनी मी मंडळींना विनंती करून ‘वाडा चिरेबंदी’तील निवडक प्रवेश पुन्हा वाचायला घेतले. या खेपेस कंसांसाठी स्वतंत्र वाचक नेमला, आणि ते काम त्या सतरा वर्षांच्या मुलीकडे दिले. तिचे मराठी वाचन संथ आहे, जोडाक्षरांवर ती थांबते. त्यामुळे रंगसूचना अपोआपच सावकाश वाचल्या गेल्या. वाचन तासभर लांबले. एका सूचनेपाशी ती थांबली आणि तिने विचारले, “म्हणजे ते नुसतेच उभे राहतात? काही म्हणत नाहीत?” मी होय म्हणालो. तिने तो कंस पुन्हा एकदा, जरा हळू वाचला, आणि पुढचे वाक्य ज्यांच्याकडे होते त्या गृहस्थांना ते लगेच उचलता आले नाही. पहिल्या वाचनाला ‘कोणी धड बोलतच नाही’ म्हणणारे आमचे वडीलधारे तेच होते. भास्करची वाक्ये त्यांच्याकडे होती.

प्रयोग यशस्वी झाला असा दावा मी करीत नाही. दोघे-तिघे मध्येच उठून गेले, आणि असे वाचन रटाळ होते ही त्यांची तक्रार वाजवी होती. पण खर्चाविषयीचा प्रश्न त्या मुलीने पुन्हा विचारला नाही. वाचन संपल्यावर खोलीत थोडा वेळ शांतता होती. मग आतून कोणीतरी पोह्यांच्या बश्या आणल्या, आणि त्या मुलीने उठून पहिली बशी चंदूची वाक्ये वाचणाऱ्या गृहस्थांपुढे ठेवली. आज चहाची व्यवस्था दुसऱ्या कोणाकडे होती.